दहाचा आकडा आला कुठून?

ऑपरेशनची तारीख ठरली की भूलतज्ज्ञ आधी एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, बघतात. ते दहाच्या आत असेल, तर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रक्ताची बाटली लावावी लागेल का?"

या दहाचा माग १९४२पर्यंत जातो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅडम्स आणि लंडी यांनी नाजूक प्रकृतीच्या रुग्णांना भूल देण्याविषयी लिहिलं: हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तामागे ८ ते १० ग्रॅमच्या खाली असेल, तर आधी रक्त द्यावं. आधार अनुभवाचा होता, चाचणीचा नव्हता. तरी दहाचा नियम पक्का झाला आणि चाळीसेक वर्षं कुणी त्याला हात लावला नाही.

अपवाद होते. ह्यूस्टनचे हृदयशल्यविशारद डेंटन कूली धर्मश्रद्धेपायी रक्त नाकारणाऱ्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर रक्ताविना हृदयशस्त्रक्रिया करत. १९७७ साली त्यांनी अशा ५४२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पण खरा हादरा दिला तो एड्सने. रक्ताच्या पिशवीतून विषाणू येतो म्हटल्यावर हात आखडले. पुढे १९९९ साली कॅनडातल्या अतिदक्षता विभागांमधल्या चाचणीत दिसलं, की एचबी सातच्या खाली जाईपर्यंत रक्त न दिलेल्या बहुतेक रुग्णांचं, ते दहाच्या वर राखलेल्यांपेक्षा काही वाईट झालं नाही.

म्हणून कमी एचबी चालतं, असं मात्र नाही. २०११ साली सव्वादोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींत सौम्य रक्तक्षयाबरोबरही मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. मग पिशवीऐवजी शिरेतून लोह देण्याकडे कल गेला. आयर्न डेक्स्ट्रान या लोहाच्या जुन्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकायची. नव्या औषधांत ती भीती बरीच कमी आहे. पण २०२०च्या ब्रिटनमधल्या 'प्रिव्हेंट' चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी असं लोह देऊनही रक्त देण्याची गरज घटली नाही. मला यात नवल वाटत नाही. तिथे रक्तक्षय एवढाच निकष होता. लोहच कमी आहे का, हे पाहून रुग्ण निवडलेच नव्हते.

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो, हा धडा खरं तर मुंबईत कधीच मिळाला होता. १९२८ साली ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स इथे आल्या आणि गरोदर गिरणी कामगार बायकांचा रक्तक्षय तपासू लागल्या. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत्या. लोह कमी पडलं की त्या लहान होतात. उतारा पडला तो मार्माइट या यीस्टच्या अर्काने. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज शस्त्रक्रियेला चार-सहा आठवडे असतानाच पेशींचा आकार, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप), बी-१२ जीवनसत्त्व बघायला सांगतात ते यासाठीच. गोळ्यांनी एचबी एखाद-दोन ग्रॅम चढायलाही तेवढे दिवस लागतातच.