गुळवेल ‘नैसर्गिक’ आहे, म्हणून किडनी प्रत्यारोपणानंतर चालते?

“प्रत्यारोपण झालेल्यांनी रोज गुळवेलीचा काढा घ्यावा. प्रतिकारशक्ती वाढते, अपाय काहीच नाही.” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. देणारा तो आपुलकीनेच देतो.

पण बसवलेली किडनी शरीराला परकीच वाटते. तिच्यावर हल्ला होऊ नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. काढा घ्यायचा तो तीच चेतवायला!

दुसरी बाजू कमी जणांना ठाऊक असते: ‘नैसर्गिक’ गोष्टी रक्तातलं गोळीचं प्रमाणही बदलू शकतात. टॅक्रोलिमस आतड्यात आणि यकृतात सीवायपी३ए४ या एन्झाइममुळे मोडतं. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस हे एन्झाइम रोखतात. मग रक्तातलं औषध वाढतं, हात थरथरतात, खुद्द किडनीला इजा होऊ शकते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नेमकं उलट करते: औषध घटतं आणि शरीर किडनी नाकारण्याचा धोका वाढतो. गोळी आणि पपनस यांत चार तासांचं अंतर ठेवूनही भागत नाही, कारण परिणाम दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो.

असं काही होतंय का हे पडताळायचं तर रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी तपासतात. गोळी दिवसातून दोनदा असेल तर रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. गोळी घेऊन गेलात तर आकडा फसवा येतो. सोबत क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते हे दाखवणारी रक्ततपासणी) बघून दोन्ही जुन्या रिपोर्टांशी ताडतात.

काढा सुरू असेलच तर गोळ्यांचा डोस स्वतःहून बदलू नका. बाटली किंवा पुडी घेऊन प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना दाखवा.