जरासं ढळलेलं पातं: उंची घडीच्या चाकूतले बारीक दोष

उत्तम बनावटीचा घडीचा चाकू हातात आला की जाणकार माणूस तो मिटतो आणि वरून आत डोकावतो. मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध पात्याचं टोक आहे का, हे त्याला बघायचं असतं. पुष्कळदा ते तसं नसतं. टोक एका पट्टीकडे किंचित झुकलेलं असतं आणि एवढी किंमत मोजूनही हे असं कसं, या विचारानं मन खट्टू होतं.

पातं ज्या खिळीभोवती फिरतं तिला पिव्होट म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना ब्राँझचे वॉशर किंवा बारीक छर्‍यांची बेअरिंग असते. समजा, १० मिलिमीटर व्यासाच्या वॉशरच्या बैठकीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ०.०२ मिलिमीटरचा फरक राहिला. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही बराच कमी आहे. पण पात्याचं टोक पिव्होटपासून ९० मिलिमीटर लांब असेल, तर तिथं तोच फरक नऊपट होऊन ०.१८ मिलिमीटर दिसतो, आणि डोळ्याला तेवढं सहज कळतं. शिवाय लायनर लॉक आणि फ्रेम लॉक या प्रकारांत उघडलेलं पातं मुठीतली एक लवचीक पट्टी अडवून धरते, तेच त्याचं कुलूप. या प्रकारांत मिटलेलं पातं उघडू नये म्हणून कुलपाच्या पट्टीवरची एक छोटी गोळी त्याला सतत बाजूनं दाबत असते. थोडक्यात, मिटलेल्या पात्यावर एकाच बाजूनं जोर असतो आणि तरीही ते मधोमध राहावं अशी आपली अपेक्षा असते.

माझं मत स्पष्ट आहे. पातं पट्टीला घासत नसेल तर त्याला हात लावू नये. घासत असेल तर मुठीचे सगळे स्क्रू थोडे सैल करावेत, पातं बोटांनी मध्यावर धरावं आणि स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळत जावे. स्क्रूच्या भोकांत एवढीशी मोकळी जागा ठेवलेलीच असते. बहुतेक वेळा तिच्यातच प्रश्न सुटतो. कुलपाची पट्टी वाकवून पातं मध्यावर आणण्याचा उपाय मात्र करू नये, कारण त्याच पट्टीच्या ताणावर कुलूप अवलंबून असतं.

उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर पिव्होटचा स्क्रू सैल झालेला असतो. तो आपोआप सैल का होतो, याचं उत्तर गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये दाखवलं. स्क्रूच्या अक्षाला आडवी हालचाल वारंवार होत राहिली, की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते आणि दर वेळी स्क्रू किंचित उलटा फिरतो. चाकूत तर स्क्रूभोवतीच पातं रोज फिरतं. म्हणून निर्माते आट्यांवर थ्रेडलॉकर लावतात. हा गोंद हवेत ओलाच राहतो. हवा नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तरच घट्ट होतो. असे गोंद व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात बाजारात आणले. घरी लावायचा तर मध्यम ताकदीचा घ्यावा, तोही टाचणीच्या टोकाएवढा आणि फक्त आट्यांवर. वॉशरवर ओघळला तर पातंच जखडतं. जुना गोंद सुटत नसेल तर जोर लावून स्क्रूचं डोकं खराब करण्याऐवजी सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक त्यावर थोडा वेळ टेकवावं. उष्णतेनं गोंद मऊ पडतो. आवळताना एका वेळी आठवा भाग फेरा पुरे. हलणं थांबतं पण पातं अडत नाही, अशी एक छोटी जागा सापडते.

पातं वर-खाली हलत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. हा दोष पिव्होटचा नसून बहुतेकदा कुलपाचा असतो, आणि त्याला मी बारीक दोष म्हणणार नाही. लायनर लॉकचं आजचं रूप मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिरानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. पुढे क्रिस रीव्ह या चाकू घडवणाऱ्या कारागिरानं मुठीच्या जाड टायटॅनियम पट्टीतूनच कुलूप कापून काढलं, तोच फ्रेम लॉक. दोन्हींत पट्टीचं टोक पात्याच्या बुडाखाली पाचरीसारखं सरकतं. बुडाचा हा उतार साधारण ७ ते १० अंशांचा असतो, आणि त्यातच सगळं मर्म आहे.

पाचर दाबाखाली सरकेल की जागेवर राहील, हे उतार आणि घर्षण यांच्या झुंजीवर ठरतं. ८ अंशांच्या कोनाचा टॅन्जेंट ०.१४ येतो. दोन पृष्ठभागांमधला घर्षणांक याहून जास्त असेल तोवर पात्यावर कितीही जोर आला तरी पट्टी मागे घसरत नाही. उतार जास्त ठेवला तर कुलूप सुटण्याचा धोका, कमी ठेवला तर पाचर इतकी रुतते की अंगठ्यानं सोडवताना कष्ट पडतात. नव्या चाकूचं कुलूप चिकटतं, ही सर्रास ऐकू येणारी तक्रार इथून येते. म्हणून मला ते चिकटणं थोडं दिलासा देणारं वाटतं, कारण ते सुरक्षित बाजूकडे झुकलेलं आहे.

त्यात टायटॅनियमचा स्वभाव भर घालतो. पोलादी पात्याची कठीणता रॉकवेल मापावर ६० च्या आसपास, तर ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूची ३६ च्या आसपास. घासताना टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर फाटतो आणि उघडा धातू पोलादाला चिकटू पाहतो. वापरानं दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक उंचवटे दबतात आणि चिकटणं बरंचसं ओसरतं. तोवर पट्टीच्या टोकावर शिसपेन्सिलीची एक हलकी रेघ ओढावी. ग्रॅफाइट मधे आलं की धातूला धातू भिडत नाही. तिथं तेल किंवा ग्रीस चोपडू नये, कारण ज्या घर्षणावर कुलूप उभं आहे तेच त्यानं कमी होऊ शकतं. पेन्सिलीनंतरही, बोटं धारेच्या वाटेत न ठेवता, पात्याच्या पाठीवर हळूच दाब देऊन कुलूप टिकतं का ते बघावं. घसरलं तर रेघ पुसून टाकावी. पुसूनही घसरत असेल किंवा पातं वर-खाली हलत असेल, तर कानस हाती घेऊ नये. चाकू निर्मात्याकडे परत पाठवावा.

मुठीवरचे ओरखडे आणि रंग यांची फार काळजी नको. टायटॅनियमवरचा निळा-जांभळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. विजेच्या साहाय्यानं वाढवलेल्या ऑक्साइडच्या थरात प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून तो दिसतो. बोटांचं तेल बसलं की तो फिका किंवा वेगळाच वाटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला की परत येतो.

राहिली धार. दोन बाजूंचे उतार कमी-जास्त रुंद दिसतात, कारण धार शेवटी बेल्टवर बहुधा हातानंच काढली जाते. एका बाजूला १७ अंश आणि दुसरीकडे २१ असले तरी एकूण ३८ च होतात आणि कापण्यात फरक फारसा जाणवत नाही. त्याहून लपलेला दोष उष्णतेचा. बेल्टवर कोरडंच घासलं तर धारेची कड इतकी पातळ असते की ती क्षणात तापते आणि तिचं पाणी उतरतं. बाकीचं पातं थंड आणि कठीणच राहतं. मग नामांकित पोलाद असूनही पहिली धार लवकर जाते आणि दोष पोलादाला दिला जातो. तो मऊ पडलेला भाग अगदी थोडा असतो. दोन-तीनदा धार लावली की निघून जातो आणि खाली खरं पोलाद लागतं.

ती लावताना दगड मात्र विचारपूर्वक निवडावा. २००१ मध्ये आलेल्या एस३०व्ही पोलादात सुमारे १.४५ टक्के कार्बन आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. त्यातून बनणारे व्हॅनेडियम कार्बाइडचे कण नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असतात. असा दगड भोवतालचं पोलाद झिजवतो, पण कणांना नीट कापत नाही. हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी त्यांनाही कापते. तिच्यावर हलक्या हातानं, पाणी वापरून घासावं आणि आलटूनपालटून दोन्ही बाजू सारख्या घ्याव्यात. हळूहळू उतारांची रुंदीही जुळत येते.