कागद बोलतो, दगड गप्प बसतो

2011 मध्ये आलेल्या 'बाईशे श्राबोन' या बंगाली थरारपटात कोलकात्यात एकामागून एक खून पडतात आणि मृतदेहाशेजारी बांगला कवितेच्या ओळी लिहिलेली चिठ्ठी सापडते. चित्रपटाचं नावच बंगाली श्रावणाच्या बाविसाव्या दिवसाचं, म्हणजे रवींद्रनाथांच्या स्मृतिदिनाचं. प्रेक्षक त्या ओळींचा अर्थ लावण्यात गुंततो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या माणसाचं लक्ष मात्र ओळींआधी कागदाकडे जाईल, कारण खुन्याने स्वतःच्या हाताने आणून ठेवलेला कागद तपासाला जेवढं देतो तेवढं फार थोड्या वस्तू देतात.

याच शहरात 1989 मध्ये खरोखर एक खूनसत्र घडलं. त्यात एकही चिठ्ठी नव्हती. जूनपासून सहा महिन्यांत फूटपाथवर झोपलेल्या 13 माणसांची डोकी दगडाने किंवा काँक्रीटच्या तुकड्याने ठेचली गेली. वर्तमानपत्रांनी खुन्याला 'स्टोनमॅन' म्हटलं. त्याआधी मुंबईत, 1985 पासून पुढच्या दोनेक वर्षांत, सायन ते किंग्ज सर्कल या पट्ट्यात 12 जण अगदी असेच मारले गेले होते. दोन्ही शहरांत खुनी सापडला नाही. दोन्हीकडचा माणूस एकच होता का, एकाच शहरातले सगळे खून तरी एकाचेच होते का, हेही कधी सिद्ध झालं नाही. पोलीस कमी पडले असं म्हणणं सोपं आहे. पण चिठ्ठी आणि दगड या दोन वस्तू प्रयोगशाळेच्या टेबलावर शेजारी ठेवल्या की अडचण कुठे होती ते दिसू लागतं.

आधी चिठ्ठी. बोटाच्या घामातलं पाणी उडून जातं, पण त्यातली अमिनो आम्लं कागदाच्या तंतूंत शिरतात, तिथे चिकटून बसतात आणि कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतात. निनहायड्रिन हे रसायन 1910 मध्ये रुहेमान यांनी शोधलं. अमिनो आम्लांशी त्याचा संयोग झाला की जांभळा रंग येतो. ठसे उठवण्यासाठी ते वापरावं हे सुचायला मात्र 1954 साल उजाडलं. लीटरभर द्रावणात साधारण 5 ग्रॅम निनहायड्रिन घेतात, कागद त्यात काही सेकंद बुडवून वाळवतात आणि 80 अंश सेल्सिअस व 65 टक्के आर्द्रतेच्या कपाटात काही मिनिटं ठेवतात. घाई करून इस्त्रीची वाफ दिली तर अख्खा कागदच जांभळट होतो आणि रेषा पुसट होतात.

इथे क्रम फार महत्त्वाचा असतो. सगळ्यात आधी तिरप्या प्रकाशात छायाचित्र काढायचं. मग स्थिरविद्युत यंत्राने दाबाचे वळ बघायचे. वहीचं वरचं पान लिहून फाडलं, तरी खालच्या पानावर पेनाचा दाब राहतो. कागदावर पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून तिला विद्युतभार दिला आणि वर झेरॉक्सच्या टोनरसारखी काळी पूड ओतली की पूड त्या वळांत जमते आणि फाडलेल्या पानावर लिहिलेलं वाचता येतं. हे करायच्या आधीच कुणी कागद निनहायड्रिनमध्ये बुडवला तर तंतू फुगतात, वळ बुजतात आणि ती संधी कायमची जाते. डीएनएसाठीचे नमुनेही रसायनांआधीच घ्यायचे असतात. प्रत्यक्षात यातलं बरंचसं प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोचतच नाही. पंचनाम्याच्या वेळी कुणीतरी उघड्या हाताने चिठ्ठी उचलून वाचतं, ती चार जणांच्या हातांतून फिरते आणि दमट दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत बंद होते.

ठशांच्या विद्येचं माहेर बंगालच आहे. 1858 मध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारपत्रावर घेतला. 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. तिथलं वर्गीकरण जगभर एडवर्ड हेन्रींच्या नावाने ओळखलं गेलं, पण त्यामागचं गणित अझीझुल हक यांचं आणि पुढचा बराच विस्तार हेमचंद्र बोस यांचा. त्या गणिताचं सौंदर्य अजून ओसरलेलं नाही. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. जोडीतल्या बोटावर चक्राकार ठसा असेल तर पहिल्या जोडीला 16, दुसरीला 8, मग 4, 2, 1 असे गुण द्यायचे. प्रत्येक जोडीतलं एक बोट वरच्या बेरजेत, दुसरं खालच्या बेरजेत. दोन्ही बेरजांत एकेक मिळवायचा. वर 32 शक्यता, खाली 32, एकूण 1024 कप्पे. ठशांच्या हजारो पत्रिकांमधून माणूस हुडकायचा तर एकच कप्पा उघडावा लागे.

त्याच वर्षी जलपाईगुडीच्या चहामळ्यातल्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा मिळाला. तो तिथल्याच एका जुन्या नोकराचा निघाला. 1898 मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही. ठसा तो तिथे होता एवढंच सांगत होता. आणि तो ठसाही कागदावरच होता.

या पद्धतीची मर्यादा मात्र मोठी होती. तिला दहाही बोटं लागत. घटनास्थळी मिळालेलं एकच अर्धवट बोट 1024 कप्प्यांत कुठे शोधणार? म्हणून ती खुनी शोधून देत नसे, पकडलेला माणूस कोण आहे ते सांगत असे. 1968 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत रामन राघवला खूनसत्राच्या संशयावरून ताब्यात घेतलं तेव्हा ठशांनी नेमकं हेच काम केलं. तो आधी शिक्षा भोगून आलेला होता, त्याची पत्रिका दप्तरी होती आणि 'सिंधी दलवाई' हे नाव त्याचंच हे त्यावरून पक्कं झालं. एका बोटावरून लाखो ठशांत शोध घेणं संगणकामुळे शक्य झालं. देशभरच्या पोलीस ठाण्यांना जोडणारी 'नाफिस' ही ठशांची संगणकीय यंत्रणा तर 2022 ची.

आता दगड. बोटावरच्या दोन रेषांमधलं अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर. काँक्रीटच्या तुकड्यावरचे रवे आणि खळगे त्याहून मोठे. म्हणजे बोट पृष्ठभागाला सलग टेकतच नाही, ठिकठिकाणच्या उंचवट्यांना तेवढं शिवतं. पूड मारली तर ती ठशाइतकीच खळग्यांतही बसते. काचेवर आणि प्लास्टिकवर उत्तम चालणारी सुपरग्लूची धुरी इथे सगळीकडे सारखीच पांढरी पुटं चढवते. त्यात जूनमधलं कोलकाता. पावसाच्या एका सरीत घामातलं मीठ आणि अमिनो आम्लं धुऊन निघतात.

ठसा नाही तर डीएनए? लालजी सिंह यांच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेतली पद्धत भारतीय न्यायालयात पहिल्यांदा वापरली गेली ती 1989 मध्येच, तीही पितृत्वाच्या वादात. तेव्हाच्या तंत्राला नाण्याएवढा ताजा डाग लागायचा. आजच्या तंत्राला एक नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. एका पेशीत साधारण 6.6 पिकोग्रॅम असतो, म्हणजे दीडशे पेशी झाल्या की काम भागतं. खडबडीत दगड उचलताना तळहाताच्या तेवढ्या पेशी सहज खरवडल्या जातात. खरी अडचण रक्ताची आहे. एक मायक्रोलीटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात 4 ते 11 हजार पांढऱ्या पेशी असतात. खुन्याच्या दीडशे पेशी मृताच्या त्या एका थेंबातच बुडून जातात. मिश्रणात एखाद्याचा वाटा पाच-दहा टक्क्यांच्या खाली गेला की त्याच्या खुणा यंत्राच्या आलेखावर नेहमीच उमटणाऱ्या खोट्या शिखरांपासून वेगळ्या काढणं कठीण होतं. म्हणून दगडावरचा लाल भाग सोडून हाताची पकड जिथे असेल त्या कडा शोधायच्या असतात. नमुना तिथून घ्यायचा.

शवविच्छेदनात जखमा काय सांगतात? हातोडीसारखं छोटं हत्यार कवटीत आपल्या आकाराचा खळगा पाडतं, त्यावरून हत्यार ओळखता येतं. दोन घावांपैकी आधीचा कोणता तेही कळतं, कारण नंतरची भेग आधीच्या भेगेपाशी येऊन थांबते. पण जमिनीवर टेकलेल्या डोक्यावर मोठा दगड पडला तर कवटी दोन्हीकडून चिरडली जाते. आकार उरत नाही, क्रम उरत नाही. झोपलेल्या माणसाने प्रतिकार केलेला नसतो, त्यामुळे नखांखाली खुन्याची त्वचा नसते, हातांवर बचावाच्या जखमा नसतात. एकाच घावात हवेत फेकलं जाणारं रक्तही थोडंच असतं, कारण रक्त साचल्यावर त्यावर पुन्हा घाव बसला की शिंतोडे खरे उडतात. मृत्यूची वेळ काढायची तर शरीराचं तापमान 37 अंश आणि रात्रीची हवा 30 च्या आसपास. एवढ्या कमी फरकात शरीर इतकं सावकाश थंडावतं की तासांचा हिशेब जुळत नाही.

दगडाच्या वजनावरून खुनी उंच आणि धिप्पाड असावा असा तर्क तेव्हा बांधला गेला. तो तपासून पाहण्यासारखा आहे. वार्तांकनांत वजन 30 किलोपर्यंत सांगितलं गेलं. 30 किलोचा दगड मीटरभर उंचीवरून नुसता सोडला तरी 30 गुणिले 9.8, म्हणजे सुमारे 294 ज्यूल ऊर्जा मिळते. प्रौढ कवटी कठीण पृष्ठभागावर आदळून तडकायला जुन्या प्रयोगांत साधारण 45 ते 100 ज्यूल पुरले होते. म्हणजे फेकण्याची ताकद लागतच नाही, कमरेपर्यंत उचलणं पुरतं. आणि 50 किलोचं सिमेंटचं पोतं पाठीवर टाकून जिना चढणारी सडपातळ माणसं या दोन्ही शहरांत पैशाला पासरी होती. या गणिताने संशयितांची यादी कमी होत नाही, उलट वाढते. धिप्पाड माणूस शोधत बसणं ही दिशाभूलच ठरू शकत होती.

मग उरतो नकाशा. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या खूनसत्रात डिसेंबर 1980 मध्ये स्टुअर्ट काइंड या वैज्ञानिकाने 17 हल्ल्यांच्या जागांचा गुरुत्वमध्य काढला. शिवाय खुनी घरापासून जितका दूर तितका हल्ला लवकरच्या वेळी, कारण त्याला परत जायचं असतं, हेही त्याने हिशेबात धरलं. उत्तर आलं ब्रॅडफर्डचा मॅनिंगहॅम ते शिपली हा भाग. काही आठवड्यांतच, वेगळ्याच कारणाने पकडला गेलेला पीटर सटक्लिफ याच भागातल्या हीटनमध्ये राहत होता. पुढे कॅनडातल्या किम रॉस्मो या पोलीस अधिकाऱ्याने 1995 च्या प्रबंधात याचं रीतसर सूत्र मांडलं. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनापासून प्रत्येक गुन्ह्याचं रस्त्याने असावं तसं अंतर मोजायचं आणि अंतर वाढेल तसे गुण कमी करायचे. घराच्या अगदी लगत ओळखीची माणसं असतात, म्हणून तेवढा पट्टा वेगळा धरायचा. पाचपेक्षा कमी गुन्हे असतील तर या पद्धतीच्या नादी लागू नये.

कोलकात्यात 13 जागा होत्या. पण पद्धतीची एक अट फारशी सांगितली जात नाही. बळी होऊ शकणारी माणसं परिसरात साधारण सगळीकडे सारखी विखुरलेली हवीत. फूटपाथवर झोपणारे तसे नसतात. ते स्थानकं, बाजार, पूल अशा ठरावीक जागी असतात. त्यामुळे नकाशावरचे ठिपके खुन्याचं घर दाखवण्याऐवजी बेघरांची वस्ती दाखवू लागतात. आणि खुनी स्वतःच फूटपाथवर जागा बदलत राहत असेल तर शोधायला घर असं नाहीच.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट घडावी लागते: हे खून एकाच मालिकेतले आहेत हे कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं. मुंबईत ते सहाव्या खुनानंतर आलं. बळी एकटे झोपणारे, ओळखपत्र नसलेले, चौकशीला कुणी न येणारे. बेवारस मृतदेहाची कागदपत्रं वेगवेगळ्या ठाण्यांत वेगवेगळी राहतात. यॉर्कशायरमध्ये तर सटक्लिफची नऊदा चौकशी होऊनही कागदी पत्रिकांच्या ढिगात त्या नोंदी एकमेकींना भेटल्या नाहीत. नाव पडल्यानंतर उलटीच चूक होते. 'स्टोनमॅन' हा शब्द छापून आला की जुनं वैर साधणाराही दगड उचलू शकतो आणि तो खून मालिकेत जमा होतो. म्हणून 'डोक्यात दगड' एवढी नोंद पुरत नाही. डोकं कोणत्या बाजूला होतं, पांघरूण तोंडावर होतं का, दगड किती किलोचा, घाव किती, जवळपास आणखी किती जण झोपले होते, खिसे उलटे होते का, वेळ कोणती, दिवा किती अंतरावर, हे दर वेळी त्याच रकान्यांत भरलं तर दोन घटनांची तुलना होते.

अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो नदीकाठी 1995 मध्ये 17 वर्षांच्या एका मुलीचा दगडाने डोकं ठेचून खून झाला. रक्ताने माखलेला ग्रॅनाइटचा दगड पोलिसांनी जपून ठेवला होता. बऱ्याच वर्षांनी त्यावर ओल्या व्हॅक्यूमची पद्धत वापरली गेली. निर्जंतुक द्रावणाचा फवारा मारत त्याच वेळी ते शोषून घ्यायचं, म्हणजे कापसाच्या बोळ्याला न पोचणाऱ्या खळग्यांतल्या पेशी गाळणीवर जमतात. त्यातून पुरुषाचा डीएनए मिळाला, 2013 मध्ये संशयिताला अटक झाली आणि 2016 मध्ये तो दोषी ठरला.

असा दगड मुद्देमालात घेताना हातमोजे दोनदा बदलायचे, आधी जागेवरचं छायाचित्र, मग उचलताना रक्ताचा भाग किंवा पकडीच्या कडा धरायच्या नाहीत, वजनाला आधार खालून द्यायचा. सावलीत वाळवून कागदी पिशवीत आणि मग खोक्यात, हलणार नाही असा बांधून. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी डीएनए खाऊन टाकते. आणि दगडाबरोबर तो आधी जिथे पडलेला होता ती जागाही शोधायची. तिथे मातीत त्याच्या आकाराचा खळगा असतो, कडेचं गवत पिवळं पडलेलं असतं आणि ओल्या दिवसांत शेजारी, दगड उपसायला टेकलेल्या पायाचा ठसाही असू शकतो.