तंतुप्रबलित थर्मोसेट प्लॅस्टिकचे औष्णिक जीर्णन

एपॉक्सी, पॉलिएस्टर, व्हिनाइल एस्टर, फिनॉलिक यांसारखी थर्मोसेट (एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणारी) रेझिने आणि काच किंवा कार्बनचे तंतू यांपासून बनवलेले थरांचे लॅमिनेट दीर्घकाळ गरम राहिले की त्याचे बल, चिवटपणा व विद्युत्‌रोधकता हळूहळू घटत जाते. या प्रक्रियेला औष्णिक जीर्णन म्हणतात. ते पेट घेण्याच्या तापमानाच्या बरेच खाली, धूर किंवा ज्वाळा नसताना चालू असते. आधी खराब होते ते रेझीन आणि रेझीन-तंतू यांची पकड. तंतू सहसा शाबूत राहतात. म्हणून तंतूंच्या दिशेने ताणून घेतलेल्या चाचणीत नमुना बराच काळ चांगला ठरतो. केवळ त्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

क्युअर झालेले (रासायनिक क्रियेने कायमचे घट्ट झालेले) रेझीन वितळत नाही, पण काच-संक्रमण तापमानाच्या (टीजी) आसपास ते कडकपणा सोडून रबरी होते. खोलीच्या तापमानाला क्युअर केलेल्या एपॉक्सीचा टीजी बहुधा ५०–७० °से. असतो, १८० °से.ला क्युअर केलेल्या विमानदर्जाच्या एपॉक्सीचा २०० °से.च्या आसपास. ओलावा शोषला गेला की तो आणखी खाली येतो. त्यामुळे विमानांच्या भागांसाठी ओल्या नमुन्याच्या टीजीपेक्षा किमान २८ °से. खालची मर्यादा पाळतात. टीजी ओलांडल्यावर रेझीन तंतूंना बाजूचा आधार देऊ शकत नाही आणि दाबाखाली तंतू वाकून भाग खचतो. हा बदल मुख्यतः भौतिक असतो; रासायनिक हानी झाली नसेल तर थंड झाल्यावर कडकपणा परततो.

रासायनिक हानी मात्र परत भरून येत नाही. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागातून आत झिरपतो, रेझिनच्या साखळ्या तुटतात, काही ठिकाणी नवे जोडबंध तयार होतात आणि वाफ होणारी द्रव्ये निघून जातात. ऑक्सिडित थर आकसतो. आतला भाग त्याला आकसू देत नाही, म्हणून पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. भेगांतून ऑक्सिजन आणखी खोल जातो. कापलेल्या कडा आणि ड्रिल केलेली भोके सर्वांत कमकुवत, कारण उघड्या पडलेल्या तंतूंच्या टोकांकडून तंतूंच्या दिशेने ऑक्सिडीकरण आडव्या दिशेपेक्षा लवकर पसरते. नासाच्या लुइस संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात विकसित झालेल्या पीएमआर-१५ या पॉलिइमाइडच्या (उच्च तापमान सोसणाऱ्या रेझिनच्या) लॅमिनेटमध्ये हे ठळकपणे दिसते.

सुरुवातीच्या काळातले आकडे विशेष फसवे असतात. अर्धवट क्युअर झालेले रेझीन भट्टीत आणखी क्युअर होते, टीजी व कठीणपणा वाढतो आणि माल सुधारल्यासारखा वाटतो. त्याच वेळी तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची क्षमता घटत असते. वजनाचेही तसेच. आधी ओलावा गेल्याने ते घटते, ऑक्सिजन जोडला गेल्याने वाढू शकते आणि वायुरूप द्रव्ये निघू लागली की पुन्हा घटते. केवळ वजनघटीवरून आयुष्य सांगणे योग्य नाही. थरांमधील कर्तनबल (थर एकमेकांवरून घसरवणाऱ्या जोराला तोंड देण्याची ताकद) हे त्याहून विश्वासार्ह माप आहे. त्यासाठी आखूड तुळईची चाचणी घेतात: लांबी जाडीच्या सहापट, रुंदी दुप्पट, आधारांमधले अंतर चौपट. जोडीला डीएमए यंत्रावर (तापमान वाढवत नमुन्याचा कडकपणा मोजणारे यंत्र) टीजी मोजावा आणि काप पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्सिडित थराची जाडी पाहावी.

आयुष्याचा अंदाज तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचे नाते सांगणाऱ्या अऱ्हेनिअस समीकरणावरून बांधतात. विद्युत्‌रोधक पदार्थांच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) ६०२१६ या मानकानुसार किमान तीन तापमानांना नमुने भट्टीत ठेवतात. सर्वांत कमी तापमानाला निकामी होण्यास ५,००० तासांहून अधिक लागावेत अशी अपेक्षा असते. वाकवबल निम्मे होणे हा नेहमीचा अंत्यबिंदू. जाड लॅमिनेटच्या बाबतीत येथे एक मोठी अडचण येते. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग विसरणापेक्षा (ऑक्सिजन आत झिरपण्याच्या वेगापेक्षा) जास्त वाढतो, त्यामुळे ऑक्सिजन वरच्या पातळ थरातच खर्ची पडतो. सौम्य तापमानाला वर्षानुवर्षे राहिलेल्या भागात तो खोलवर पोचतो. म्हणजे घाईची चाचणी वेगळ्याच प्रकारची हानी दाखवते. पातळ नमुन्याचा निकाल जाड भागाला, किंवा जाडाचा पातळाला, तसाच लावू नये.

काच-एपॉक्सी पिवळी-तपकिरी पडते, पण रंग पृष्ठभागाचीच खबर देतो. काळ्या कार्बन लॅमिनेटमध्ये तोही इशारा मिळत नाही. थोड्या वेळच्या अतितापाने त्याचे कर्तनबल घटले तरी थर सुटलेले नसल्याने अल्ट्रासॉनिक तपासणीत काही आढळत नाही. अवरक्त वर्णपटमापनाने पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण ओळखता येते.

एफआरपी (तंतुप्रबलित प्लॅस्टिक) टाक्या, डक्ट व चिमण्यांसाठी रेझीन निवडतानाच काळजी घ्यावी लागते. ऑर्थो पॉलिएस्टरपेक्षा आयसो पॉलिएस्टर (ही रेझिनच्या घटकांवरून पडलेली नावे), त्याहून बिसफिनॉल-ए व्हिनाइल एस्टर आणि त्याहूनही नोव्होलॅक व्हिनाइल एस्टर अधिक उष्णता सोसते. खोलीत क्युअर झालेल्या पॉलिएस्टरला एक दिवसानंतर ८० °से.ला सुमारे ३ तास पोस्ट-क्युअर (गरम करून उरलेले क्युअर पूर्ण करणे) दिल्यास उरलेले स्टायरीन (रेझिनमधला क्रियाशील द्रव) बरेचसे जोडले जाते. कापलेल्या कडा आणि भोके रेझिनने बंद करावीत.

तंतूंनाही मर्यादा आहेत. कार्बन तंतू हवेत साधारण ४०० °से.च्या पुढे ऑक्सिडित होऊ लागतात. ई-काच ८०० °से.च्या वर मऊ पडते, पण ४५० °से.ला तापवून थंड केलेल्या काचतंतूचे बल निम्म्याहून खाली येते आणि पूर्ववत होत नाही. टाकाऊ लॅमिनेट जाळून तंतू परत मिळवण्यात हीच मुख्य अडचण आहे.