पार्श्वभूमी : मॉडिफाय केलेलं इंजिन रिच का चालतं

प्लग काजळीने काळे, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास, ॲव्हरेज पडलेलं आणि डिपस्टिकवरच्या ऑइललाही पेट्रोलचाच वास. मोठा कॅम (वॉल्व उघडणारा दांडा), टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा), फ्री-फ्लो एक्झॉस्ट किंवा सीएनजी किट बसवल्यानंतर ही रिचची लक्षणं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त; उलट झालं तर लीन) दिसली, की गॅरेजमध्ये आधी इंजेक्टर साफ होतात आणि मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. पुष्कळदा दोन्ही ठणठणीत असतात. पेट्रोल किती सोडायचं हे आत शिरलेल्या हवेवरून ठरतं, एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. पण ही हवा मोजायची पद्धत वेळोवेळी बदलत गेली आणि प्रत्येक पद्धत वेगळ्या जागी फसते. म्हणून गाडी हवा कशी मोजते, हे आधी पाहायचं.

जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर तर हवेचं वजन मोजतच नाही. व्हेंच्युरीत (हवेच्या वाटेवरच्या अरुंद गळ्यात) दाब उतरतो, तेवढं पेट्रोल जेटमधून (बारीक भोकातून) ओढलं जातं. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, हवा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे साधारण सहा टक्केच घटतं. घाट चढल्यावर मिश्रण तेवढं रिच होतं आणि हौसेने मोठे जेट टाकलेली गाडी आधी घुसमटते. बाकी कारणं जुनीच : फ्लोटची पातळी वर, निडल वॉल्व गळका, चोक अर्धवट अडकलेला.

१९६७ साली बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. तिने इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून हवेचा अंदाज बांधायला सुरुवात केली. आजच्या मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) गाड्या याच घराण्यातल्या. त्यांची अडचण अशी, की दाब आणि हवा यांचं नातं मूळ कॅमसाठी ठरवलेलं असतं. जास्त ओव्हरलॅपचा (दोन्ही वॉल्व जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारा) कॅम टाकला की आयडलिंगला व्हॅक्यूम कमी होतो, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वाटतं लोड वाढला आणि तो पेट्रोल वाढवतो. इथे सेन्सर खरंच सांगत असतो, जुनं झालेलं असतं ते टेबल. नवीन सेन्सर घालून काही होत नाही, ईसीयूमधला हा तक्ता, म्हणजे मॅपच, बदलावा लागतो.

नंतरच्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवा एक फडका ढकलते. त्याची स्प्रिंग सैल झाली की फडका जास्त उघडतो आणि मिश्रण रिच. ऐंशीच्या दशकात तापलेल्या तारेचा मास एअरफ्लो सेन्सर रुळला. टर्बोवाल्यांची कोंडी खरी इथून सुरू होते, कारण हा सेन्सर टर्बोच्या आधी बसतो आणि त्याने मोजलेली हवा पुढे सिलिंडरपर्यंत पोहोचणार, असं ईसीयू गृहीत धरतो. ब्लो-ऑफ वॉल्व (थ्रॉटल मिटल्यावर टर्बोचा दाब सोडणारी झडप) हवा बाहेर सोडणारा असेल, तर थ्रॉटल सोडताच मोजून झालेली हवा निघून जाते, मागून काळा धूर येतो, कधी इंजिन बंद पडतं. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप सैल असेल तर बूस्टखाली (टर्बोच्या दाबाखाली) हवा बाहेर जाते आणि गाडी रिच, आयडलिंगला त्याच फटीतून न मोजलेली हवा आत येते आणि गाडी लीन. हे उलटसुलट चित्र दिसलं की स्मोक टेस्ट (धूर भरून गळती शोधणं) करून पाइपच तपासावेत. केवळ मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत हीच गळती सहसा रिच करत नाही, फक्त बूस्ट कमी होतो.

अमेरिकेच्या १९७० च्या क्लीन एअर ॲक्टनंतर थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला) नेमकं मिश्रण लागू लागलं आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांत लॅम्डा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर, आला. ०.४५ व्होल्टच्या वर रिच, खाली लीन, एवढंच तो सांगतो. खरं तर तो धुरातला उरलेला ऑक्सिजन पाहतो, पेट्रोल नव्हे. त्यामुळे हेडरचं (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट सेन्सरच्या आधी फुटलं असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर लीन म्हणतो आणि ईसीयू पेट्रोल ओततच राहतो. मिसफायरचंही (मिश्रण न पेटण्याचंही) तसंच, न जळलेला ऑक्सिजन पुढे येतो.

निदानात स्कॅनरवरचे फ्युएल ट्रिम (सेन्सर पाहून ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली वाढ-घट) म्हणूनच इतके मोलाचे. प्लग काळे आणि ट्रिम उणे १५–२० असेल, तर ईसीयूला रिच कळतंय आणि तो कापतोय. पेट्रोल खरंच जास्त येतंय, कोड बहुधा पी०१७२. प्लग काळे आणि ट्रिम अधिक असेल, तर ईसीयू फसवला जातोय. एक्झॉस्टची गळती आणि मिसफायर शोधा. फुल थ्रॉटलला बहुतेक गाड्यांत ट्रिमची ही दुरुस्ती चालत नाही. तिथे वाइडबँड मीटर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा) लागतो आणि ०.८५ ते ०.९ लॅम्डा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली रिच) हा तिथे दोष नाही, मुद्दाम ठेवलेला असतो.

पेट्रोल खरंच जास्त येत असेल तर आधी प्रेशर गेज लावावा. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो : ३ बारचे ४ बार झाले की १५ टक्के जास्त. मोठा पंप लावल्यावर छोट्या रिटर्न पाइपमुळे आयडलिंगला दाब चढतो. प्रेशर रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल दिसलं तर पडदा फाटला. २४० सीसीचे इंजेक्टर काढून ४४० चे टाकले तर मॅपमधल्या इंजेक्टरच्या आकाराला १.८३ चा गुणक हवाच, पण डेड टाइमही (इंजेक्टर उघडायला लागणारा वेळही) नवा हवा. आयडलिंगला इंजेक्टर जेमतेम अडीच मिलिसेकंद उघडतो, ०.३ ची चूक तिथे १२ टक्के, फुल लोडवर १५ मिलिसेकंदांत दोनच. फक्त आयडलिंगला रिच असलेल्या गाडीत हे हमखास तपासावं.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने राजधानी परिसरात युरो-२ या प्रदूषण मर्यादेचं बंधन आलं आणि आपल्याकडे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्या झपाट्याने पसरल्या. मेकॅनिकच्या सवयी कार्बोरेटरच्याच राहिल्या. त्यातली सगळ्यात महागडी म्हणजे थर्मोस्टॅट वॉल्व (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकणं. कार्बोरेटरच्या गाडीत ते खपायचं. इंजेक्शनच्या गाडीत पाणी ६० अंशांवर रेंगाळतं आणि ईसीयू इंजिन थंड समजून जादा पेट्रोल देत राहतो. बॉश प्रकारच्या तापमान सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच किलोओम, ८० ला तीनशे-सव्वातीनशे ओम असावा. वायर तुटली तर स्कॅनरवर उणे ४० दिसतं.

मुंबई-पुण्यात सगळ्यात जास्त होणारा बदल सीएनजीचा. सीक्वेन्शियल किट पेट्रोल इंजेक्टरचा वेळ उसना घेऊन गॅस सोडतं. गॅसचा मॅप लीन असेल तर ईसीयू लाँग टर्म ट्रिम (कायम लक्षात ठेवलेला ट्रिम) वाढवून ठेवतो आणि पेट्रोलवर येताच गाडी रिच. आधी गरम इंजिनावर पेट्रोलचे ट्रिम शून्याजवळ आणायचे, त्याच आरपीएमवर इंजेक्शन टाइम नोंदवायचा, मग गॅसवर तोच टाइम येईपर्यंत मॅप जुळवायचा.

ई-२० ने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) आणखी एक घोळ घातला आहे. त्याचं योग्य प्रमाण सुमारे १३.५, वाइडबँड मीटर मात्र लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतात. मीटरवर १४.७ म्हणजे मिश्रण बरोबरच, तो १३.५ वर आणला तर ती गाडी आठ-नऊ टक्के रिच होते. मीटर लॅम्डावर ठेवला की हा गोंधळ राहत नाही.