फेब्रुवारीत सुरगाण्याची माणसं कुठे मोजायची?

२०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ भरली. त्यात आदिवासी सुमारे २५ टक्के. आकडा बरोबरच आहे, पण तो जिल्ह्याला सरसकट लावायला गेलं की फसगत होते. घाटमाथ्यावरच्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत हे प्रमाण नव्वदच्या पुढे, येवला-सिन्नरकडे बरंच खाली.

तालुक्या-तालुक्यांत पाऊस आणि जमिनीचाही असाच फरक आहे. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून वाहून जातो. भात, नागली निघाली की शिवारात काम उरत नाही. खाली निफाड-दिंडोरीत मात्र धरणांचं, कालव्यांचं पाणी आहे. ऑक्टोबर छाटणीपासून थेट खुडणीपर्यंत द्राक्षबागांना माणसं लागतात. दिवाळी सरली की घाटमाथ्यावरच्या मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात, पोराबाळांसकट.

आता गंमत बघा. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन खुडणीत. नियम असा, की त्या सगळ्या काळात माणूस घरी नसेल तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे महिनाभर बागेत राहिलेलं सुरगाण्याचं कुटुंब नियमानुसार निफाडच्या खात्यात जमा! तालुक्यांची वाढ-घट शेजारी शेजारी मांडणारे तक्ते मी म्हणूनच जरा जपून वाचतो.

स्त्री-पुरुष प्रमाणाचंही तसंच. २००१मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९२७ स्त्रिया होत्या, २०११मध्ये ९३४. सुधारणा झाली म्हणावं, तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण त्याच दहा वर्षांत ९२० वरून ८९० वर घसरलं. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिल्यात स्थलांतर मिसळतं: सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एकटे पुरुष आले की तो खाली जातो, बायका-मुलं मागून आली की वर येतो. शिवाय बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. लहान मुलं मात्र नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. त्यामुळे ८९० मागे मुख्यतः गर्भलिंगनिदानच असणार, आणि तेही त्यावर बंदी घालणारा १९९४चा कायदा असताना. आदिवासी तालुक्यांत मुलींचं प्रमाण तुलनेने बरं आहे, तेव्हा गरिबीकडे बोट दाखवून सुटका नाही.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची ती तारीख, ठरली आहे. मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, म्हणजे खुडणीच्या हंगामात.