कर्नल नवा, नेट चालू, पण नावं सापडत नाहीत

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल केला, मशीन बूट झालं, लॉगिनही झालं. पण एकही साइट उघडत नाही. ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं पॅकेट पाठवलं, की उत्तर लगेच येतं. नाव देऊन पिंग केलं की मशीन हात वर करतं. असं झालं की बरेच जण आधी डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, बदलून पाहतात. माझ्या मते तो वेळ वायाच जातो, कारण जुन्या कर्नलवर त्याच सेटिंगनं सगळं सुरळीत चालत होतं.

मुळात नावावरून पत्ता शोधणं हे कर्नलचं काम नाही. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसची रचना मांडली. आजही प्रोग्रॅम सहसा सी लायब्ररीला विचारतो, लायब्ररी 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फाइलमधून सर्व्हरचा पत्ता उचलते आणि त्याच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर एक छोटं यूडीपी पॅकेट पाठवते. कर्नल फक्त ते पॅकेट नेतो आणि आणतो. तेव्हा या वाटेवर लागणारं काय आपण कॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय घ्यायचं त्याच्या यादीत) बंद केलं, तेवढं शोधायचं.

आधी ती फाइल उघडून पाहावी. तिच्यात १२७.०.०.५३ असेल तर सर्व्हर म्हणजे आपल्याच मशीनवरची सिस्टमडी-रिझॉल्व्हडी ही सेवा. नव्या कर्नलवर ती सुरू झाली आहे का, ते तपासावं. फाइल रिकामी असेल तर संशय डीएचसीपीवर, म्हणजे नेटवर्ककडून मशीनला पत्ता आणि डीएनएस सर्व्हर मिळवून देणाऱ्या व्यवस्थेवर. मशीनला अजून पत्ताच नसताना पत्ता मागायचा, म्हणून अनेक डीएचसीपी क्लायंट पॅकेट सॉकेट (नेटवर्क कार्डावरची कच्ची पॅकेट्स थेट हाताळायची सोय) वापरतात, आणि तो पर्याय बंद असला की त्यांचं काम अडतं. पण मग सहसा ८.८.८.८ सुद्धा लागत नाही, म्हणून इथे तो संशय मागे पडतो.

खरी फसवी जागा फायरवॉलची. समजा, फायरवॉलची स्क्रिप्ट आधी 'आत येणारं सगळं अडवा' असं ठरवते, मग पिंगला परवानगी देते, आणि शेवटी 'आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आत येऊ द्या' असा नियम घालते. हा शेवटचा नियम कनेक्शन ट्रॅकिंगवर, म्हणजे कोणतं पॅकेट कुठल्या संवादाचं याची कर्नल ठेवतो त्या नोंदीवर, चालतो. नव्या कर्नलमध्ये त्याचं मॉड्यूल (कर्नलला लागेल तेव्हा जोडला जाणारा भाग) नसेल तर तेवढा एकच नियम लागत नाही, बाकीचे लागतात. म्हणून पिंग चालतं आणि डीएनएसचं उत्तर दारातच अडतं. एरर येते, पण बूटच्या वेळी सरसर जाणाऱ्या ओळींत कुणाचं लक्ष जाणार?

खात्री करायला टीसीपीडम्प हा येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारा प्रोग्रॅम लावून पोर्ट ५३ पाहावं. आत येणारं पॅकेट त्याला फायरवॉलच्या आधी दिसतं. प्रश्न गेला, उत्तर आलेलं दिसतंय, तरी डीएनएसला प्रश्न विचारणारी डिग कमांड वाट पाहून थकते, म्हणजे पॅकेट मशीनच्या आतच मारलं जातंय. (टीसीपीडम्पलाही पॅकेट सॉकेट लागतो. टीसीपीडम्प सुरूच झाला नाही, तर तोही एक पुरावा.)

कॉन्फिग आपोआप छाटून देणारी 'लोकलमॉडकॉन्फिग' ही सोय वापरणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावं. ते फक्त त्या घडीला लोड असलेली मॉड्यूल्स ठेवतं. फायरवॉल तेव्हा बंद असेल तर ट्रॅकिंगचं मॉड्यूल गळतं. कर्नलच्या सोर्समध्येच दोन कॉन्फिगमधला फरक दाखवणारी 'डिफकॉन्फिग' (diffconfig) ही स्क्रिप्ट असते. जुनी आणि नवी कॉन्फिग तिच्यापुढे ठेवली की गळालेले पर्याय समोर येतात. ते चालू करून पुन्हा बिल्ड करावं, मॉड्यूल्सही इन्स्टॉल करावीत, आणि नावं सापडेपर्यंत जुना कर्नल बूट मेन्यूतून काढू नये.